कुठला तुकडा गेला?

वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या आतड्याचा काही भाग कधी कधी सडतो आणि कापून काढावा लागतो. बाळ वाचतं, बाळसं धरतं, घरचे ऑपरेशन विसरतात. विसरणं तसं रास्तच, कारण उरलेलं लहान आतडं पुढेही वाढत राहतं.

पण किती कापलं याइतकंच कुठलं कापलं हेही महत्त्वाचं. वरचा भाग गेला तर खालचा त्याचं बरंचसं काम उचलतो. शेवटचा गेला तर त्याला वाली नाही. ब-१२ जीवनसत्त्व आणि पित्तक्षार मुख्यतः तिथेच शोषले जातात. गोम अशी, की यकृतातला ब-१२चा साठा बराच काळ पुरतो. त्यामुळे रक्तक्षय किंवा पायांतल्या मुंग्या काही वर्षांनी सुरू होतात, आणि पोटावरचा जुना व्रण कुणाला आठवत नाही. पित्तक्षार वाया गेले की जुलाब लागतात, पित्ताशयात खडेही होऊ शकतात.

ऑपरेशनचे कागद म्हणूनच जपावेत. कुठला भाग काढला ते त्यांवर असतं आणि ब-१२ कधी तपासायचं, हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतात. कमतरता निघाली तर सहसा इंजेक्शनं घ्यावी लागतात, बहुधा आयुष्यभर.