त्वचातपासणीचे शिक्षण

शिरूर व दौंड परिसरातील शेतकरी कुटुंबांत त्वचेवरील फिकट चट्टा दुखत वा खाजत नाही म्हणून दुर्लक्षिला जातो. तो बधिर असल्यास मात्र कुष्ठरोगाचे लक्षण ठरतो. आमचे प्रशिक्षणार्थी डॉक्टर रुग्णाच्या संमतीने, चेहरा वगळून, स्मार्टफोनवर चट्ट्याचे छायाचित्र घेतात. शेजारी मोजपट्टी असते. त्यावरून ज्येष्ठ त्वचारोगतज्ज्ञ त्यांना रंग, कडा व आकार पाहण्यास शिकवितात. परंतु बधिरता छायाचित्रात दिसत नाही. रुग्णाला डोळे मिटावयास सांगून त्वचेला हलका स्पर्श केल्यावरच ती कळते. म्हणून ही तपासणी प्रत्येकाने स्वहस्ते करावी, असा आमचा आग्रह आहे. वेळीच निदान झाल्यास ६ ते १२ महिन्यांच्या बहुविध औषधोपचाराने रोग बरा होतो व हातापायांतील विकृती टाळता येते. शासकीय आरोग्य केंद्रांत ही औषधे विनामूल्य मिळतात. दात्यांच्या साहाय्याचे सार्थक यातच आहे.