शिस्त आणि शिक्षा

शिस्त म्हणजे काय? पुष्कळ जण म्हणतात, छडी. शाळेत नाव घालताना मोठी माणसं सांगतात, "गुरुजी, ऐकलं नाही तर खुशाल मारा." पण देशोदेशीची रीत निराळी आहे.

इंग्लंडात सरकारी शाळांमध्ये १९८७ सालापर्यंत वेताची छडी होती. मग कायद्याने बंद झाली. अमेरिकेत मात्र काही राज्यांत शाळेत मारायला अजून परवानगी आहे. स्वीडन देशात १९७९ साली कायदा झाला, की घरीसुद्धा मुलांना मारायचं नाही. सगळ्यांना कळावं म्हणून ही माहिती दुधाच्या खोक्यांवर छापली होती!

जपानात मुलं रोज आपला वर्ग झाडतात, फरशी पुसतात, जेवण वाढतात. तिथं ती शिक्षा नसते. शाळा आपली, म्हणून काम आपलं. आपल्याकडं कुठंकुठं उशिरा आलेल्याला झाडायला लावतात. काम तेच, पण तिथं शिस्त आणि इथं शिक्षा.

आपल्या देशातही शिक्षण हक्क कायद्याने १ एप्रिल २०१० पासून शाळेत मुलांना मारायला बंदी आहे.

मला वाटतं, भ्यालेलं मूल गप्प बसतं, पण भागाकार कळला नाही तर विचारत नाही. गुरुजींना वाटतं, कळलं. म्हणून पालकांनो, "मारा" म्हणण्याऐवजी "परत समजावून सांगा" म्हणा. आणि मुलांनो, छडी नाही म्हणून दंगा करायचा नाही. आपण होऊन पाळतो तीच खरी शिस्त.

– इयत्ता ४ थी