कार्ड रिकामं करण्याआधी

संपादकांचा निरोप साधा होता. 'सैराट' येऊन इतकी वर्षं झाली. त्यानंतर सोलापुरात कॅमेरा हातात घेतलेल्या पोरांचं काय झालं ते बघून या. २९ एप्रिल २०१६ ला प्रदर्शित झालेल्या त्या चित्रपटाचे दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, बरंचसं चित्रणही त्याच भागातलं, त्यामुळे अपेक्षा रास्त होती. पोरं भेटली. शॉर्टफिल्म करणारी, यूट्यूबवर मालिका टाकणारी आणि पोटासाठी लग्नं शूट करणारी. बहुतेकदा एकच पोरगा तिन्ही करणारा. पण प्रत्येकाच्या बोलण्यात एक वाईट रात्र यायचीच. डिस्क उडालेली, प्रोजेक्ट उघडत नाही, कार्डावर क्लिप दिसते पण चालत नाही. आणि त्या रात्रीनंतर जवळपास प्रत्येक जण नवी पेठेच्या बाजूला एकाच दुकानावरचा अरुंद जिना चढून गेलेला. मीही चढलो, आणि लेखाचा विषय बदलला.

वर एक मिक्सिंग लॅब आहे. दोन एडिटिंग मशीन, एक जुना डबा ज्यावर फक्त डिस्क तपासल्या जातात, आणि भिंतीला लागून रॅकवर स्केचपेनने तारखा लिहिलेल्या हार्ड डिस्कची रांग. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. नाव छापू नका, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. "नाव आलं तर पुण्याहून पण डिस्का येतील, सर. इथल्याच उरकंना झाल्यात." वडील चादरीच्या कारखान्यात होते, अण्णा शाळा सुटल्यावर फोटो स्टुडिओत लागले आणि लग्नाच्या कॅसेटी जोडता जोडता एडिटर झाले.

या धंद्याचा इतिहास ते दोन वाक्यांत संपवतात: आधी व्हीएचएस, मग मिनी डीव्ही, मग कार्ड. मधल्या काळात जपानच्या कोबे शहरातल्या कॅनोपस कंपनीची कॅप्चर कार्डं आणि तिचंच एडियस हे सॉफ्टवेअर गावोगावच्या लॅबमध्ये पोचलं. २००५ च्या अखेरीस कॅनोपस ग्रास व्हॅलीच्या मालकीची झाली, पण लग्नवाल्यांचं एडियस तेच राहिलं. आता नवी मुलं प्रीमिअर प्रोवर बसतात. २०११ साली थायलंडमध्ये पूर आला, तिथले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि सोलापुरात डिस्कचे भाव चढले, ही एक आठवण मात्र ते रंगवून सांगतात. त्या सीझनला लोकांनी जुनी लग्नं पुसून डिस्क मोकळ्या केल्या होत्या.

कॅसेट ते कार्ड हा बदल मला सुरुवातीला केवळ सोयीचा वाटला होता. अण्णांनी त्यातली मेख दाखवली. मिनी डीव्हीची कॅसेट साठ मिनिटांची. ती मशीनमध्ये घालून संगणकावर उतरवली, की तासाला साधारण तेरा जीबी. काम झालं की कॅसेट कपाटात. संगणक जळाला तरी मूळ चित्रण शाबूत. पुन्हा उतरवायला वेळ जाईल इतकंच. कुणी बॅकअप घेत नव्हतं, पण बॅकअप आपोआप होत होता. कार्ड आलं आणि हे संपलं. कार्ड महाग, परवा दुसरं लग्न, त्यामुळे ते रिकामं करून फॉरमॅट मारायचं. त्या क्षणापासून एका कुटुंबाचा आख्खा सोहळा एका डिस्कवर, एकच प्रत. आणि डेटा मात्र फुगलेला. सेकंदाला शंभर मेगाबिटने फोर-के शूट केलं तर तासाला ४५ जीबी होतात. तीन कॅमेरे सहा तास चालले की आठशे जीबी ओलांडले, ड्रोन वेगळा.

अण्णांकडे येणाऱ्या दहातल्या बहुतेक रडगाण्यांत काहीच हरवलेलं नसतं. हे समजायला प्रोजेक्ट म्हणजे काय ते समजावं लागतं. प्रोजेक्टची फाइल हा सातबारा आहे. शेत कुठे, किती, कोणत्या गटात, एवढं त्यात लिहिलेलं. माती त्यात नाही. कोणती क्लिप कोणत्या ड्राइव्हवर, कुठून कुठवर कापली, कुठे गाणं लावलं, हे सगळं त्या लहानशा फाइलमध्ये असतं. चित्रण दुसरीकडेच पडून असतं. काल ई असलेला ड्राइव्ह आज दुसऱ्या पोर्टमध्ये लावल्यामुळे एफ झाला, की प्रीमिअर लाल पडदा दाखवतं: मीडिया ऑफलाइन. नवरीच्या जागी लाल चौकोन बघून पोरगा धावत येतो. अण्णा ड्राइव्हला त्याचं जुनं अक्षर परत देतात आणि लग्न जागेवर येतं.

खरंच करप्ट झालेल्या प्रोजेक्टचं काम अधिक रंजक. प्रीमिअरची फाइल ही दाबून बांधलेली मजकुराची फाइल असते. सेव्हन-झिपने सोडली तर आत साधा एक्सएमएल वाचता येतो. अण्णांनी माझ्यासमोर एक उघडली. हजारो ओळी, त्यात क्लिपांचे रस्ते, फोल्डरची नावं, 'हळद' आणि 'वरात'. सेव्ह होत असताना वीज गेली की हा मजकूर अर्ध्यावर तुटतो. मग ऑटोसेव्हच्या फोल्डरमधली मागची प्रत काढायची. ती उघडत नसेल तर नवा कोरा प्रोजेक्ट करून जुन्यातल्या टाइमलाइन एकेक करून आत ओढायच्या. ज्या टाइमलाइनवर सॉफ्टवेअर बसतं, रोग तिथे. तिच्यातलं एखादं ट्रान्झिशन किंवा टायटल काढलं की बाकीचं सुटतं. गंमत अशी, की मुद्दाम बदललं नाही तर ऑटोसेव्ह मूळ फाइलच्या शेजारीच साठतं. डिस्क गेली की दोन्ही एकदम गेले. अण्णांच्या मशीनवर ते वेगळ्या डिस्कवर जातं, आणि दिवस संपला की प्रोजेक्ट फाइल स्वतःच्या ईमेलवर. काही एमबींचा तर प्रश्न.

मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवलं ते न संपलेल्या क्लिपने. जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास, सिद्धेश्वर यात्रेत सम्मती कट्ट्यावर सात नंदीध्वजांच्या साक्षीने अक्षता सोहळा होतो. गर्दी अशी, की कॅमेरा डोक्यावर धरून उभं राहावं लागतं. एका मुलाची बॅटरी ऐन अक्षतांच्या वेळी संपली. फाइल कार्डावर होती, आकार कित्येक जीबी, पण कोणत्याच प्लेअरमध्ये चालेना. कारण एमपी-फोर फाइलची बांधणी. तिचे पूर्वज १९९१ च्या ॲपल क्विकटाइमपर्यंत जातात. आत दोन मोठे भाग असतात: एकात चित्र आणि आवाजाचा कच्चा प्रवाह, दुसऱ्यात त्याचा तक्ता. कोणती फ्रेम कुठल्या बाइटपासून सुरू होते, किती लांब आहे, कोणत्या पद्धतीने दाबली आहे, हे या तक्त्यात. त्याचं नाव मूव्ह ॲटम. बहुतेक कॅमेरे तो तक्ता रेकॉर्डिंग थांबवल्यावर, अगदी शेवटी लिहितात. बटण दाबण्याआधीच वीज गेली तर प्रवाह आहे, तक्ता नाही. अक्षता पडल्या आहेत. त्या कुठे पडल्या ते सांगणारं कुणी नाही.

अण्णांचा पहिला प्रश्न असतो, "कार्ड कॅमेऱ्यात परत घातलं का?" कारण कित्येक कॅमेरे स्वतःच अर्धवट फाइल ओळखून दुरुस्त करायची तयारी दाखवतात. लॅपटॉपला लावून लोक ती संधी घालवतात. ते जमलं नाही तर अण्णा त्याच कॅमेऱ्यावर, त्याच सेटिंगवर शूट केलेली एक धड क्लिप मागतात. अनट्रंक नावाचं मुक्त सॉफ्टवेअर त्या धड क्लिपचा तक्ता वाचून कॅमेऱ्याची सवय शिकतं आणि मोडक्या प्रवाहात फ्रेमांच्या सीमा शोधत नवा तक्ता रचतं. फ्रेम रेट किंवा रिझोल्यूशन वेगळं असेल तर चित्राचा चिखल होतो. त्या मुलाची क्लिप उभी राहिली. आवाज मात्र चित्राच्या थोडा पुढे पळत होता. अण्णांनी हेडफोन लावला आणि हलगीचा ठोका हाताच्या हालचालीवर बसेपर्यंत आवाज एकेक फ्रेम मागे सरकवला. हे काम कुठलंही सॉफ्टवेअर करून देत नाही.

मग उरतात खऱ्या मरणाऱ्या डिस्क. इथे अण्णांचा सूर बदलतो. फिरत्या डिस्कमध्ये मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवरून वाचणारा हेड काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतो. धुळीचा साधा कण त्याहून कितीतरी मोठा. टक-टक आवाज म्हणजे हेडला जागा सापडत नाही. "आवाज येऊलालाय ना, मग वीज काढा. पुन्हा लावून बघू नका," असं ते फोनवरच ओरडतात. ती डिस्क ते उघडत नाहीत; धूळविरहित खोली लागते, ती इथे नाही. पुण्या-मुंबईच्या रिकव्हरीवाल्यांचा रस्ता दाखवतात.

आवाज न करता आजारी असलेली डिस्क मात्र ते घेतात. आधी स्मार्टचे आकडे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद. पाच नंबर वाढलेला असेल तर डिस्कने खराब जागा बदलून घेतल्या आहेत. सी-५ म्हणजे वाचता न येणाऱ्या जागा रांगेत आहेत. पण सी-७ वाढत असेल, तर दोष बहुधा डिस्कचा नसून कॅबिनेटमधल्या केबलचा. कित्येकदा एवढ्याशा केबलपायी माणसं चांगली डिस्क फेकून देतात. निदान झालं की डीडीरेस्क्यू लावायचं. या प्रोग्रॅमचा हट्ट मला आवडला. तो वाईट जागेपाशी अडून बसत नाही. आधी जे सहज वाचता येतं ते सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवतो, कुठे अडलो ते एका नकाशात टिपून ठेवतो, आणि मग मागे येऊन अडलेल्या जागा काठाकडून कुरतडत जातो. मध्येच वीज गेली तरी नकाशा पाहून तिथूनच पुढे चालतो. दुरुस्तीचे प्रयोग मग त्या नकलेवर, मूळ डिस्कवर कधीच नाही.

अण्णांचा राग आहे तो आणण्याआधी झालेल्या उपचारांवर. विंडोज विचारतं, ड्राइव्ह फॉरमॅट करायचा का, आणि घाईत हो म्हटलं जातं. कुणी सांगितलं म्हणून मरणाऱ्या डिस्कवर चेकडिस्क चालवलं जातं. ते फाइल वाचवायला निघालेलं नसतं, फाइलव्यवस्था सरळ करायला निघालेलं असतं, आणि त्या भरात तुमची नावं-पत्ते सोडून तुकडे एका फोल्डरमध्ये टाकतं. कुणी वाचवायला काढलेल्या फाइली त्याच डिस्कवर साठवतो आणि खालच्या पुसतो. "डिस्क कमी मारती, सर. माणसं जास्त मारत्यात."

इथवर कौतुक. पण त्या खोलीत बसून मला काळजी लागली ती वेगळीच, आणि अण्णांकडेही तिच्यावर औषध नाही.

पहिली काळजी हवेची. अनेक पोर्टेबल डिस्कच्या कागदावर चालण्याचं तापमान ५ ते ३५ अंश लिहिलेलं असतं. मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो आणि पोरं मांडवामागे पत्र्याखाली, जनरेटरच्या विजेवर कार्डं उतरवत असतात. त्यात मोठ्या क्षमतेच्या स्वस्त डिस्कमध्ये माहितीचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात. पाचशे जीबी सलग ओतायला घेतले की मध्येच वेग कोसळतो. हॉलचा माणूस लाईट घालवायला उभा, कॉपी अडकलेली. पोरगा केबल ओढतो. ड्राइव्ह एक्सफॅटवर असतो, कारण तो मॅक आणि विंडोज दोन्हीवर चालतो. पण अर्धवट लिहिलेलं सावरायला लागणारी नोंदवही त्या पद्धतीत नाही. उद्याचं गिऱ्हाईक अण्णांना तिथे तयार होतं.

एसएसडीने हे मिटेल असं मुलांना वाटतं. ती वेगवान आहे, धक्का सोसते, कटिंगला उत्तमच. पण फिरत्या डिस्कवर चुकून पुसलेली फाइल बऱ्याचदा परत निघते, कारण पुसली जाते ती नोंद. एसएसडीमध्ये ट्रिम चालू असेल तर संगणक तिला सांगून टाकतो, की या जागा आता नको. ती त्या साफ करते. मग अण्णांचं कौशल्यही तिथे हात टेकतं. त्यांच्याकडे येणारी अशी प्रकरणं वाढत चालली आहेत, आणि त्यांचं उत्तर बहुतेक वेळा एका शब्दाचं असतं.

दुसरी काळजी घरांची. लग्न झाल्यावर कुटुंबाला लाकडी डबीत नक्षीदार पेनड्राइव्ह मिळतो. ती डबी देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात जाते आणि वर्षानुवर्षं तशीच राहते. फ्लॅश स्मृतीतला विद्युतभार वीज न मिळता हळूहळू ओसरतो, हे कुणी त्यांना सांगत नाही. लॅबमध्ये मूळ फुटेज सीझन संपेपर्यंत, फार तर वर्षभर. मग नव्या तिथींसाठी डिस्क रिकामी. आजोबा गेल्यावर त्यांचं बोलणं काढून द्या म्हणून लोक येतात. तीन तासांच्या व्हिडिओत आजोबांवर गाणं लावलेलं असतं. मूळ आवाज कच्च्या क्लिपमध्ये होता, आणि ती जागा दुसऱ्या कुणाच्या वरातीने घेतली.

याचा मोठा दाखला महाराष्ट्राने पाहिला आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठाराला आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपलेल्या जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या. त्यातल्या बऱ्याच चित्रपटांच्या प्रती आधीच सेफ्टी फिल्मवर काढलेल्या होत्या, म्हणून ते आज पाहता येतात. पण त्या प्रती काढणं हे एका सरकारी संस्थेचं नेमून दिलेलं काम होतं. लग्नाच्या फुटेजची प्रत काढणं हे नेमकं कुणाचं काम, याचं उत्तर सोलापुरात मला कुणी दिलं नाही. शूट करणारा म्हणतो, मी डेटा लॅबला दिला. लॅबवाला म्हणतो, मी फक्त मिक्सिंग करतो. घरचे म्हणतात, तुमच्याकडे असेलच की.

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम अण्णांच्या भिंतीवर चिकटवलेला आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. ते स्वतः दोन प्रतींवर थांबतात, कारण तिसरीचे पैसे कुणी देत नाही. मागे त्यांनी बिलात 'बॅकअप' अशी वेगळी ओळ घातली होती. ड्रोनवर कुणी घासाघीस केली नाही, एलईडी भिंतीवर नाही. सगळ्यांनी काट मारली ती त्याच ओळीवर. आता ती ओळ काढून त्यांनी ऑर्डर घेताना एक अट घातली आहे: घरच्यांनी स्वतःची एक डिस्क आणायची, कच्चं फुटेज तिच्यावर फुकट भरून मिळेल, आणि ती आल्याशिवाय लॅबमधलं काही पुसलं जाणार नाही. थोडे जण आणतात. बाकीच्यांच्या डिस्क रॅकवर साठत चालल्या आहेत, रॅकला आता जागा नाही, आणि तुळशीचं लग्न झालं की नवा सीझन सुरू होईल. तेव्हा अट मोडायची की नव्या डिस्क स्वतःच्या खिशातून घ्यायच्या, हे अण्णांनी अजून ठरवलेलं नाही. मला विचाराल तर तो निर्णय त्यांच्यावर पडायलाच नको होता. ज्यांच्या घरचं लग्न आहे, त्यांनी पत्रिका छापायला टाकतानाच एक डिस्क विकत घ्यावी.