मुदत संपलेला टीएलएस

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळतं, त्याचे बिलेट पडतात, बिलेटच्या सळया होतात आणि सळयांचे ट्रक राज्यात आणि राज्याबाहेर रवाना होतात. पण माल भरून झाला म्हणून ट्रक फाटकाबाहेर पडत नाही. पन्नास हजारांवरचा माल राज्याबाहेर न्यायचा तर १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल लागतं. पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइसही काढावं लागतं. दोन्ही कामं ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर होतात. त्या कॉम्प्युटरची सर्व्हरशी जोडणी झाली नाही, तर ड्रायव्हर किन्नर बाजूला बसवून वाट बघत राहतो.

या जोडणीची राखण करणाऱ्या नियमसंचाचं नाव टीएलएस. ऑनलाइन सेवा उघडली की आधी त्याचंच काम सुरू होतं. आपला कॉम्प्युटर सांगतो, मला अमुक आवृत्त्या आणि अमुक सांकेतिक पद्धती येतात. दोघांनाही येणारी सगळ्यांत नवी आवृत्ती सर्व्हर निवडतो आणि आपलं प्रमाणपत्र दाखवतो. मग दोघं मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात. पुढचा पासवर्ड, बिल, बँकेचा आकडा सगळं त्या किल्लीने बंद होऊन जातं. दोघांना येणारी एकही आवृत्ती सापडली नाही, तर सर्व्हर तिथेच जोडणी तोडतो.

या घराण्याचा मूळपुरुष एसएसएल. नेटस्केप कंपनीने १९९५ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती बाजारात आणली, १९९६ मध्ये तिसरी. नंतर इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने हे काम हाती घेतलं आणि जानेवारी १९९९ मध्ये टीएलएस १.० आला. १.१ एप्रिल २००६ मध्ये, १.२ ऑगस्ट २००८ मध्ये आणि १.३ ऑगस्ट २०१८ मध्ये. आज भरवशाच्या म्हणाव्यात अशा या शेवटच्या दोनच.

जुन्या आवृत्त्यांत बिघाड कुठे होता, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. १.० मध्ये माहितीचा पुढचा ठोकळा गुंडाळताना वापरायचा सुरुवातीचा आकडा आधीच ओळखता येत असे. २०११ मध्ये थाय डुओंग आणि जुलियानो रिझो यांनी 'बीस्ट' हा हल्ला दाखवून हे उघड केलं. ऑक्टोबर २०१४ मध्ये गूगलच्या संशोधकांनी 'पूडल' मांडला आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या काळचे ब्राउझर नव्या आवृत्तीत बोलणं जमलं नाही की आपण होऊन जुनीत उतरत. मधल्या वाटेवर बसलेला चोर ते बोलणं मुद्दाम फिसकटवायचा, दोघांना एसएसएल ३ पर्यंत खाली आणायचा आणि मग एकेक अक्षर काढून घ्यायचा. एका अक्षराला सरासरी २५६ प्रयत्न पुरत. म्हणजे तुमचा कॉम्प्युटर कितीही नवा असो, सर्व्हरने जुन्या गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी जुनी आवृत्ती चालू ठेवली, तर धोका तुम्हालाही. म्हणूनच जुनी आवृत्ती नुसती नको म्हणून भागत नाही, ती बंदच करावी लागते.

बियाण्यांच्या या जालना जिल्ह्यात मुदत ही गोष्ट कुणाला शिकवावी लागत नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको इथेच सुरू केली. त्यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवर मुदत छापलेली असते, तपासणीपासून नऊ महिन्यांची, आणि ती उलटली की उगवण पुन्हा तपासल्याशिवाय पिशवी विकता येत नाही. टीएलएसच्या आवृत्तीवर अशी तारीख छापलेली नसते. ती आधी कमकुवत ठरते, मग वर्षानुवर्षं चर्चा चालते आणि मग कुणीतरी तिला बंद करतं.

बंद करण्याचा हा इतिहास तारखा पुढे ढकलण्याचाही आहे. कार्डाच्या व्यवहारांचे सुरक्षा-नियम करणाऱ्या पीसीआय परिषदेने जुन्या टीएलएससाठी आधी ३० जून २०१६ ही तारीख दिली आणि मग ती दोन वर्षं पुढे नेऊन ३० जून २०१८ केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला या चौघांनी मिळून सांगितलं की २०२० मध्ये आमचे ब्राउझर १.० आणि १.१ सोडून देणार. मार्च २०२० मध्ये फायरफॉक्सने त्या खरोखर बंद केल्या आणि लगेच परत चालू केल्या, कारण करोनाची माहिती देणारी काही सरकारी संकेतस्थळं जुन्याच आवृत्तीवर होती. शेवटी मार्च २०२१ मध्ये आयईटीएफने दोन्ही अधिकृतपणे निकाली काढल्या. धंद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सेल्सफोर्सने १.० हा २०१७ मध्येच काढला होता. ॲमेझॉनच्या क्लाउडने २०२४ पर्यंत किमान १.२ सक्तीचा केला.

फायरफॉक्सचा तो निर्णय मला चुकीचा वाटत नाही. सुरक्षा माणसांसाठी असते, आणि माणसं अडचणीत असताना तारीख थोडी पुढे ढकलणं हाही सुरक्षेचाच विचार आहे.

आता आपल्या ऑफिसाकडे येऊ. परतूर, मंठा, भोकरदनसारख्या तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्रात किंवा अडत दुकानात विंडोज ७ वर चालणारं मशीन आजही भेटतं. मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी काढून घेतला. अशा मशीनवर एक गोष्ट हमखास बुचकळ्यात टाकते: ब्राउझरमध्ये साईट झकास उघडते, पण बिलाचं सॉफ्टवेअर मात्र जोडायला नकार देतं. 'कुड नॉट क्रिएट एसएसएल टीएलएस सिक्युअर चॅनेल' एवढंच दाखवतं. मुनीम नेटवाल्याला फोन करतो, नेटवाला म्हणतो लाइन चालू आहे, सॉफ्टवेअरवाला म्हणतो नेट बघा. दोष दोघांचाही नसतो. क्रोम आणि फायरफॉक्स टीएलएसची स्वतःची यंत्रणा सोबत घेऊन येतात. बरीच सॉफ्टवेअर मात्र विंडोजच्या यंत्रणेवर विसंबतात. विंडोज ७ ला १.२ येतो, पण तो मुळात बंद ठेवलेला असतो.

उपाय असा. कंट्रोल पॅनेलमध्ये इंटरनेट ऑप्शन्स, त्यात ॲडव्हान्स्ड, आणि यादीच्या अगदी तळाशी 'युज टीएलएस १.२'. तिथे खूण करायची आणि १.० व १.१ च्या खुणा काढायच्या. काही सॉफ्टवेअरना तेवढ्याने भागत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये दिलेला वेगळा अपडेट टाकून रजिस्ट्रीत नोंद करावी लागते. ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावं. विंडोज एक्सपीला मात्र यातला कुठलाच इलाज नाही. त्या मशीनवरून व्यवहार करू नयेत, हे स्पष्ट सांगायला हवं.

चार ब्राउझरांनी २०१८ मध्ये घोषणा केली तेव्हा आकडेही दिले होते. जुन्या आवृत्तीवरच्या जोडण्या क्रोममध्ये ०.५ टक्के, सफारीत ०.३६ टक्क्यांहून कमी. कंपनीच्या बैठकीत असा आकडा पडद्यावर आला की निर्णय सोपा होतो. पण जोडणी मोजली की माणूस मोजला जात नाही. त्या अर्ध्या टक्क्यात बियाण्याचा दुकानदार असेल, तर मृगाचा पाऊस पडल्यावर त्याचं मशीन अडणं म्हणजे त्याचा वर्षाचा धंदा अडणं.

टप्प्याटप्प्याने जाता येतं, हे आपल्याकडेच दिसलं आहे. ई-वे बिलाच्या प्रणालीत नुसत्या पासवर्डवर शिरण्याची जुनी पद्धत बंद करून ओटीपी सक्तीचा केला, तेव्हा वीस कोटींवरच्या उलाढालीला १ जानेवारी २०२५, पाच कोटींवरच्यांना १ फेब्रुवारी आणि बाकी सगळ्यांना १ एप्रिल अशा तारखा दिल्या. मोठ्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटरचा जाणकार माणूस असतो, म्हणून आधी मोठे आणि मग छोटे, हा क्रम शहाणपणाचा होता. प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटहब या सेवेने २०१८ मध्ये दुसरी युक्ती केली: ८ फेब्रुवारीला जुना टीएलएस फक्त तासभर बंद ठेवला आणि २२ तारखेला कायमचा. कुणाचं काय अडतं, ते त्या एका तासात ज्याचं त्याला कळलं.

ऑनलाइन सेवा चालवणाऱ्यांना म्हणून इतकीच विनंती. जुन्या आवृत्त्या जरूर बंद करा, उशीर नको. पण जालन्यासारख्या जिल्ह्यात गिऱ्हाईक असेल, तर मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत हात लावू नका, आणि महिन्याच्या ११ व २० तारखेच्या आगेमागेही नको, कारण तेव्हा जीएसटीची विवरणपत्रं भरायची असतात. सूचना मराठीत द्या, आणि ती मालकाच्या न उघडलेल्या ईमेलवर न पाठवता बिल काढणाऱ्याच्या पडद्यावर दाखवा. आधी तासभर बंद करून पाहा. आणि ज्यांच्या ऑफिसात जुनं मशीन आहे, त्यांनी हा अंक खाली ठेवल्यावर ती टीएलएस १.२ ची खूण तेवढी तपासून घ्यावी.