हिशेबात नसलेले हात

दिवाळी सरली की रायगड, ठाणे, पालघरमधील अनेक कातकरी कुटुंबे बयाणा घेऊन वीटभट्टीवर जातात; परततात ती पावसाळ्याच्या तोंडावर. मजुरी हजार विटांमागे ठरते, हिशेब नवरा-बायकोच्या जोडीचा. कच्च्या विटा उलटणारे, उचलून देणारे मूल वहीत कुठेच नसते. ‘जरासा हातभार’ म्हणतात त्याला!

तो हातभार अंगावर निघतो. ओली वीट सुमारे ३ किलोची. वाढत्या हाडांची टोके कोवळी असतात. रोजच्या ओझ्याने, तासन्‌तास उकिडवे बसल्याने त्यांवर ताण येतो, पाठ-गुडघे धरतात. शिवाय मूल मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेते, त्यामुळे वजनाच्या मानाने राख-धूळही जास्त ओढते. खोकला महिनोन्‌महिने हटत नाही. पोर अर्धपोटी असेल, तर खाल्लेले कामातच जिरते, वाढीला उरत नाही.

२०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यास बंदी आहे. शाळा सांभाळून घरच्या उद्योगात मदत चालते. पण भट्टी मालकाची असते, घरची नव्हे. असे मूल दिसल्यास १०९८ वर कळवावे. आई-बापांवर मात्र रागावू नये. बयाणा किती फिटला, ते आधी विचारावे. त्यापायी कुटुंबाला अडवून ठेवणे १९७६ च्या वेठबिगार कायद्याने गुन्हा आहे, हे अनेकांना कोणी सांगितलेलेच नसते.