पान किती, कोसा केवढा

अळीचं डोकं आणि धड एकाच वेगानं वाढत नाहीत. हे बघायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. टसरची अळी ऐनाच्या डहाळीसकट घरात ठेवली की पुरे. गोंदियाजवळ फुलचूरला आमच्या पडवीत पावसाळ्यात पाण्याच्या बाटल्यांत ऐनाच्या डहाळ्या खोचलेल्या असतात त्या याचसाठी. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात ढिवर समाज ऐन-अर्जुनावर पिढ्यान्‌पिढ्या टसरचा कोसा पिकवत आला आहे. अळ्या येतात त्यांच्याकडूनच.

अंड्यातून निघालेली अळी जेमतेम ७ मिलिमीटरची, वजन ८ ते १० मिलिग्रॅम. अंग पिवळसर तपकिरी, डोकं काळं. दोनेक दिवसांत ती हिरवी पडते. चार वेळा कात टाकून पाचव्या अवस्थेच्या शेवटी ती १३ सेंटिमीटरची होते आणि वजन ५० ग्रॅमच्या घरात जातं.

धडाची कातडी ताणली जाते, डोक्याची टोपी मात्र टणक. म्हणून कात टाकायच्या आदल्या दिवशी अळी बघावी: फुगलेलं तुकतुकीत अंग आणि त्याला न शोभणारं इवलंसं डोकं. ती खाणं सोडते, डहाळी घट्ट धरून पुढचा भाग उचलून बसते. जुन्या डोक्यामागे नव्या डोक्याचा फुगवटा दिसू लागतो. मग जुनी टोपी टरफलासारखी गळून पडते आणि चित्र उलटं होतं: डोकं मोठं, अंग सैल, सुरकुतलेलं. अमेरिकी कीटकतज्ज्ञ हॅरिसन डायर यांनी १८९० मध्ये अनेक जातींच्या अळ्यांची डोकी मोजून दाखवलं, की दर कातेला डोक्याची रुंदी ठरावीक पटीनं वाढते, साधारण १.४ पट.

कात कधी टाकायची हे ठरतं संप्रेरकांवर. मेंदूच्या इशाऱ्यावर छातीतली ग्रंथी एकडायसोन सोडते. कात पडते ती त्यामुळे. मेंदूजवळची दुसरी एक ग्रंथी बाल-संप्रेरक सोडते. ते रक्तात असेपर्यंत प्रत्येक कातेतून पुन्हा अळीच निघते. ते ओसरलं की कोष. फ्रान्समध्ये बूनिओल यांनी १९३८ मध्ये तुतीवरच्या रेशीमकिड्याच्या लहान अळ्यांतली ही दुसरी ग्रंथी काढून टाकली, तर त्या वेळेआधीच कोषात गेल्या आणि कोष निघाले चिमुकले. एकडायसोन हाती यायला १९५४ उजाडलं. जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन यांनी रेशीमकिड्याचे ५०० किलो कोष वापरले, तेव्हा कुठे २५ मिलिग्रॅम स्फटिक मिळाले.

पाचवी अवस्था म्हणजे खादाडीचा कळस. तुतीच्या किड्याचं मोजमाप बारकाईनं झालेलं आहे. त्याच्या आयुष्यभराच्या पाल्यातला ८० टक्क्यांहून जास्त पाला याच अवस्थेत संपतो. आतून शरीराची वाटणी बदलते. रेशीमग्रंथी इतर अवयवांना मागे टाकून वाढते. तिच्या पेशींची संख्या अंड्यातच ठरलेली असते. नव्या पेशी बनत नाहीत, आहेत त्याच फुगतात, त्यांच्यातला डीएनए लाखो पटींनी वाढतो. या दिवसांत पोटात गेलेलं पान अधिकाधिक धाग्याकडे वळतं.

ऐन पाचव्या अवस्थेत पाला कमी पडला तर काय होतं, तेही पडवीत दिसतं. कोवळ्या वयात उपास घडला तर अळी अडून बसते, कात लांबवते, पान मिळालं की तूट भरून काढते. शेवटच्या अवस्थेत ठरावीक वजन ओलांडल्यावर मात्र बाल-संप्रेरक ओसरायला लागतं. मग पान असो-नसो, ती थांबत नाही. पोट रिकामं करते, डहाळीभोवती धाग्याचं कडं घालते, त्याला देठ काढते आणि कोसा विणायला घेते. भुकेल्या अळीचा कोसा बोटांत दाबला की दबतो. पोटभर खाल्लेलीचा सुपारीसारखा टणक लागतो.

कोशातून निघणाऱ्या टसरच्या पतंगाला खाण्याजोगं तोंडच नसतं. पंख, अंडी, उडण्याची ताकद, सगळं अळीनं खाल्लेल्या पानावर. रेशीमकिड्याच्या मेंदूत इन्शुलिनच्या जातीचं एक संप्रेरक सापडलं आहे, बॉम्बिक्सिन; कीटकांत पोषणाचा निरोप अवयवांपर्यंत पोचवण्याचं काम हे कुटुंब करतं. पण तो निरोप सगळे अवयव सारखा ऐकत नाहीत. उपाशी वाढलेल्या फळमाशीचे पंख आखूड राहतात, नराची जननेंद्रियं मात्र फारशी घटत नाहीत. शिंगवाल्या भुंग्यांत शिंग सर्वांत हळवं: चांगलं खाल्लेल्या नराचं लांबलचक, अर्धपोटी नराचं नावापुरतं.

ढिवर बायांच्या कामात या नावांना जागा नाही, पण हिशेब तोच आहे. झाडाचा पाला संपत आला की त्या अळ्या फांदीसकट छाटून दुसऱ्या झाडावर चढवतात, आणि हे शेवटच्या कातेनंतर सर्वांत घाईनं होतं. मुंग्या आणि कावळे यांच्यापासून राखण करण्याइतकंच हे काम मोलाचं. म्हणून एका झाडावर किती अळ्या सोडायच्या हे लहान अळ्यांची भूक बघून ठरवू नये; त्यांना एक फांदीही पुरते. मोजायचा तो शेवटच्या अवस्थेचा पाला. आधीची तूट अळी भरून काढते, शेवटची कोशात उतरते आणि बाजारात तीच मोजली जाते.