आधी पाइप, मग डिस्कोन

नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरला विमान उतरत नाही, पण वरून सतत जातं. हैदराबादहून दिल्लीला निघालेली विमानं तालुक्याच्या थोडी पूर्वेकडून उत्तरेला सरकतात, मुंबईहून ओडिशा-बंगालकडे जाणारी आडवी कापत जातात. दहा-अकरा किलोमीटर उंचीवरचा वैमानिक मुंबईच्या किंवा नागपूरच्या नियंत्रकाशी बोलत असतो. ते बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, जुन्या एएम पद्धतीनं, कसलंही कुलूप न लावता खाली पैनगंगेच्या खोऱ्यावर पडत असतं. ते टिपायला स्कॅनर लागतो, नाहीतर संगणकाला लावायचा एसडीआर डोंगल. टीव्हीसाठी बनवलेल्या स्वस्त डोंगलमधली रियलटेकची चिप कच्चा सिग्नल बाहेर देऊ शकते, हे २०१२ साली हौशी मंडळींच्या ध्यानात आलं आणि हा छंद पगारदाराच्या खिशाला परवडू लागला. यंत्र घरात आलं की प्रश्न उरतो अँटेनाचा. त्यावर जाणकारांचं उत्तर ठरलेलं असतं: डिस्कोन लाव.

उत्तर चुकीचं नाही. पण तालुक्याच्या गावात ते दुसऱ्या नंबरचं उत्तर आहे.

उलट्या नरसाळ्यावर आडवी ताटली धरावी, तशी ही अँटेना दिसते. वरची चकती केबलच्या मधल्या तारेला जोडलेली, खालचा शंकू बाहेरच्या जाळीला, आणि दोघांमध्ये अगदी थोडी फट. सलग पत्र्याची केली तर पहिल्याच वळिवात उडून शेजारच्या आखाड्यावर सापडेल. म्हणून विकत मिळते ती काड्यांची असते: सहसा वर आठ आडव्या, खाली आठ तिरप्या. काड्यांमधली मोकळी जागा लहरीच्या लांबीपुढे किरकोळ असली की लहरीला ती चकती आणि शंकूच वाटतात.

ही रचना आर्मिग कँडोयन या अभियंत्याची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत त्यानं ती बसवली आणि १९४५ साली तिचं पेटंट मिळालं. मूळ कल्पना आणखी जुनी आहे. ऑलिव्हर लॉज यांच्या १८९८च्या पेटंटात टोकाला टोक लावलेले दोन शंकू दिसतात. त्यातला एक चपटा करून चकती केली की डिस्कोन झाली. एकाच खांबावरून अनेक फ्रीक्वेन्सी सांभाळायच्या असतील तिथे, म्हणजे विमानतळावर, जहाजावर, लष्करी ठाण्यावर, ती रुजली. शंकूचा हा गुण आपल्याकडेही कामाला आला आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांच्या नाभीवर २५० ते ५०० मेगाहर्ट्झसाठी जे ग्राहक बसवले आहेत, त्यांना कोन-डायपोलच म्हणतात.

साध्या सरळ दांडीला एक लांबी असते, त्यामुळे तिची एक आवडती फ्रीक्वेन्सी असते. शंकूचं तसं नाही. टोकापासून निघालेली लहर पसरत जाणाऱ्या धातूवरून हळूहळू सुटी होते. छोट्या लहरीला टोकाजवळचा भाग पुरतो, मोठीला पूर्ण शंकू लागतो. त्यामुळे खालची मर्यादा शंकूच्या लांबीनं ठरते आणि वरच्या बाजूला दहापटीपर्यंत केबलशी जुळणी टिकून राहते. हिशेब सोपा आहे: ७५ला मेगाहर्ट्झनं भागा, तिरप्या काडीची लांबी मीटरमध्ये मिळते. ११८ मेगाहर्ट्झला ६३.५ सेंटिमीटर येतात. शंकूचा कोन ६० अंशांचा ठेवला की तळाचा व्यासही तेवढाच होतो, आणि चकती त्याच्या सत्तर टक्के, म्हणजे साडेचव्वेचाळीस सेंटिमीटर. काठावरचा हिशेब करू नये. काडी ७० सेंटिमीटरची घ्यावी. ब्रेझिंगच्या पितळी काड्या आणि वेल्डिंगवाला दोन्ही बाजारपेठेत भेटतात. कस लागतो तो फक्त मधल्या इन्सुलेटरला, कारण पाणी तिथूनच आत शिरतं.

विकतची घ्यायची तर खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नये. डायमंडच्या डी-१३० या गाजलेल्या अँटेनावर २५ ते १३०० मेगाहर्ट्झ असं लिहिलेलं असतं. २५ मेगाहर्ट्झच्या खऱ्या डिस्कोनला तीन मीटर लांबीच्या काड्या लागतील, आणि ही तर एका माणसाला काखेत मारून नेता येते. खालचा पट्टा ओढायला तिच्या डोक्यावर वेटोळं असलेली एक उभी दांडी लावलेली असते. तिनं काम होतं, पण तिथे ती डिस्कोन राहत नाही. वरच्या टोकालाही तिचा जोर विस्कटतो. विमानं आपली जागा १०९० मेगाहर्ट्झवर सांगत असतात. ती टिपायला त्याच कामासाठी बनवलेली हातभर अँटेना हिच्यापेक्षा सरस ठरते. आणि मराठवाड्याची परभणी आकाशवाणी, १३०५ किलोहर्ट्झ? ती लहर २३० मीटर लांब. तिच्यापुढे डिस्कोन म्हणजे नुसती काड्यांची जुडी. खिशातल्या ट्रान्झिस्टरमधली फेराइटची कांडी बरी.

तरीही नवख्यानं डिस्कोनच घ्यावी असं मला वाटतं. दूरदर्शनच्या काळात घरोघरी होती ती यागी. एका दिशेला तोंड, तिथलं जोरात, बाकीचं बंद. तिला फिरवायला एक जण माळवदावर आणि ‘आलं का?’ला उत्तर द्यायला एक जण खाली, एवढं मनुष्यबळ लागायचं. डिस्कोन चारी दिशांना सारखी ऐकते. मात्र त्या बदल्यात ती सिग्नल वाढवून देत नाही, साध्या डायपोलएवढाच देते. गावावरच्या हवेत काय काय आहे हेच ज्याला अजून ठाऊक नाही, त्याला आधी सगळीकडे कान देणारी अँटेना हवी.

आता पाइपाकडे, म्हणजे अँटेना उंचावर नेण्याकडे, येतो. या फ्रीक्वेन्सीच्या लहरी जवळपास नजरेच्या रेषेतच जातात. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून ४.१२नं गुणलं की रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. दुमजली घरावर पाइप उभा करून अँटेना ९ मीटरवर नेली, तर तिचं क्षितिज साधारण १२ किलोमीटर. दहा हजार मीटरवरच्या विमानाचं ४१२. दोन्हींची बेरीज सव्वाचारशेच्या आसपास जाते, म्हणजे अर्ध्या महाराष्ट्रावरची उंचावरची विमानं हिमायतनगरच्या गच्चीच्या टप्प्यात आहेत. आता नांदेडचा श्री गुरु गोबिंदसिंगजी विमानतळ पाहा. सरळ रेषेत तो साधारण ६५ किलोमीटरवर आहे. तिथली अँटेना २५ मीटरवर धरली तरी तिचे २१ आणि आपले १२ मिळून तेहतीसच होतात, शिवाय मध्ये भोकरकडची टेकाडं. उतरायला आलेला वैमानिक हजार मीटरवर असेपर्यंत स्वच्छ ऐकू येईल. त्याला उत्तर देणारा टॉवर येणार नाही. संवादातली एकच बाजू कानावर पडते म्हणून लोक अँटेना बदलत बसतात. त्यांनी भूगोल पाहावा. पैसे मोजकेच असतील तर ते आधी दीड इंची जीआय पाइप, ताण द्यायच्या तारा आणि चांगल्या केबलवर जावेत.

केबलमध्ये तर सर्रास फसगत होते. वायरलेसवाल्यांची म्हणून मिळणारी बारीक आरजी-५८ घेतली, तर १००० मेगाहर्ट्झला पंधरा मीटरमध्ये जेमतेम आठवा-दहावा हिस्सा खाली पोचतो. डिश टीव्हीवाल्याकडची आरजी-६ घेतली तर जवळजवळ निम्मा. तिचा अवरोध ५० ऐवजी ७५ ओहम आहे म्हणून तिला नाकं मुरडली जातात, पण त्या तफावतीत परत फिरते ती फक्त चार टक्के शक्ती. ऐकण्यापुरतं हे काहीच नाही. जोडावर पाणी शिरू नये म्हणून स्वतःत चिकटणारी रबरी टेप गच्च गुंडाळावी आणि भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली झोका द्यावा, म्हणजे पाऊस तिथूनच गळून पडतो.

लहान गावाचा एक फायदा आहे. डिस्कोन सगळंच गोळा करते, त्यामुळे मोठ्या शहरात एफएम केंद्रांच्या दणक्यानं स्वस्त डोंगल बधिर होतो आणि मध्ये गाळणी लावावी लागते. इथे त्याची गरज क्वचितच पडते. इथला शत्रू निराळा: रानडुकरांसाठी कुंपणाला लावलेलं झटका मशीन. तार गवताला टेकत असेल किंवा जोड सैल असेल तर तिथे ठिणगी उडते, आणि दर सेकंद-सव्वासेकंदाला एएमवर टक्, टक् सुरू होतं. त्यात हलक्या प्रतीचे एलईडी बल्ब आणि सोलर पंपाचे कंट्रोलर भर घालतात. घरातली एकेक वस्तू बंद करून पाहणं हाच उपाय. झटका मशीन शेजाऱ्याचं असेल तर गवत कापायची विनंती चहा पाजून करावी.

माकडांना मात्र विनंती लागू होत नाही. आडव्या काड्यांना ती लोंबकळणारच, म्हणून काड्यांचे नट लॉक वॉशर घालून कसावेत आणि दोन काड्या जादा घरात ठेवाव्यात. विजेचं काम मात्र थट्टेवारी नेऊ नये. मराठवाड्यात मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात विजा माणसं आणि जनावरं मारतात. डिस्कोनची चकती जमिनीशी जोडलेली नसते, त्यामुळे कोरड्या वादळातही तिच्यावर स्थिर वीज साठते. पाइपाला जाड तारेनं स्वतंत्र अर्थिंग द्यावं, केबल घरात शिरते तिथे सर्ज अरेस्टर लावावा, आणि ढग दिसू लागले की, गडगडाटाची वाट न पाहता, केबल काढून बाहेर टाकावी. अरेस्टर थेट पडलेली वीज अडवत नाही.

कायद्याचंही पाहून घ्यावं. १९३३च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याची जागा घ्यायला २०२३चा दूरसंचार कायदा आला आहे, आणि रेडिओ उपकरण बाळगायला अधिकृतता हवी हे तत्त्व त्यातही आहे. पोलिसांचं किंवा इतर कुणाचं खासगी बोलणं ऐकणं, ते पुढे सांगणं हा छंदाचा भाग नव्हे. सरळ वाट हौशी रेडिओ परवान्याची. वय १२ पूर्ण असलं की परीक्षेला बसता येतं, आणि रिस्ट्रिक्टेड दर्जाला मोर्सही लागत नाही.

डिस्कोन वर्षभर चालली की वहीतल्या नोंदीच सांगतात की आपण खरं काय ऐकतो. विमानंच ऐकत असाल तर तिच्या जागी त्या पट्ट्याला कापलेली साधी ग्राउंड प्लेन अँटेना लावून पाहावी. उपग्रहांचा नाद लागला तर डिस्कोनचा एक दोष खुपू लागतो: ती क्षितिजाकडे ऐकते, बरोबर डोक्यावर जवळपास बहिरी असते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक १४५.८०० मेगाहर्ट्झवर बोलतं ते उगवताना-मावळताना बरं येतं, माथ्यावर आलं की खालावतं. हवामानाची चित्रं पाठवणारे अमेरिकेचे जुने नोआ उपग्रह २०२५ साली बंद झाले, पण रशियाच्या मीटिऑर-एम मालिकेतले अजून १३७ मेगाहर्ट्झवर आहेत. त्यांच्यासाठी ५३ सेंटिमीटरच्या दोन काड्या १२० अंशांत आडव्या पसरून केलेला डायपोल पुरतो. त्याला पाइपही लागत नाही; बांबूच्या हातभर तुकड्यावर बांधून माळवदाच्या मधोमध ठेवला तरी चालतो.